घाटात अडणारी गाडी

"पण मग बिघाड हाय तरी कुठं, अण्णा?"

शिदूअण्णांनी पावट्याची शेंग मोडली आणि दाणे सुपात टाकले.

"मला काय ठाऊक," ते म्हणाले.

निवास पाटोळेचा चेहरा पडला.

आजऱ्यात ऑटोमॅटिक गाडी बिघडली की लोक निवासचं नाव घेतात, आणि निवासचं काही अडलं की तो शिदूअण्णांचं घर गाठतो. वायर सोलायला त्याला अण्णांनीच शिकवलं. पुढं तो पुण्याला जाऊन कोर्स करून आला, गाडीतला बिघाड दाखवणारा स्कॅनर आणला, गॅरेजवर लांबून दिसेल असा बोर्ड लावला. हात थरथरायला लागल्यावर अण्णांनी दुरुस्तीचं काम बंद केलं आणि अंगणात बसायला सुरुवात केली. निवास येतो तो तोऱ्यातच येतो, पण येतो.

अण्णांनी काम बंद केलंय हे मला मान्य नाही. म्हणून त्या रविवारी दुपारी मी माझा बंद पडलेला मिक्सर घेऊन त्यांच्या अंगणात बसलो होतो. मला कोणी काही विचारत नव्हतं.

"सगळं करून बघितलं," निवास म्हणाला. "स्कॅनर लावला. सोलेनॉइडच्या सर्किटमधल्या बिघाडाचा कोड आला. सोलेनॉइड बदलला. पुन्हा तोच कोड. कंट्रोलर दुसऱ्या गाडीतला लावून बघितला. पुन्हा तोच. वायरिंग मीटर लावून तपासलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळं ठीक."

"मग ठीक हाय."

"ठीक कसं? गाडी अडतीय की!"

"मग ठीक न्हाई."

निवासनं माझ्याकडं पाहिलं. मी मिक्सरकडं पाहिलं.

हे प्रकरण काय ते मला त्याच दिवशी कळलं, तेही अर्धवट. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो. गिअर बदलायचा हुकूम कंट्रोलर नावाची एक डबी देते. हुकूम वायरीतून जातो, आणि गिअरबॉक्समधले विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, म्हणजे सोलेनॉइड, तो पाळतात. मध्ये कुठं काही चुकीचं वाटलं की कंट्रोलर घाबरतो. मग तो एकच गिअर धरून बसतो आणि समोर पिवळा दिवा लावतो. सपाटीवर अशी गाडी कशीबशी घर गाठते. चढावर तिच्यात जीव राहत नाही.

आणि शिंत्रेबाईंची गाडी हे नेमकं चढावरच करायची.

शिंत्रेबाई तिथंच होत्या, अण्णांच्या समोर, लोखंडी खुर्चीत. काठी मांडीवर आडवी. बाई घाटाखालच्या एका शाळेत भूगोल शिकवतात. सोमवारी पहाटे आंबोलीचा घाट उतरायचा, आठवडा तिकडं काढायचा, शनिवारी घाट चढून आजऱ्याला घरी यायचं. डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. क्लचची गाडी त्यांना चालवता येत नाही आणि एसटीची पायरी चढवत नाही. गाडी गेली तर शाळाही गेली, इतकं ते सरळ होतं. आणि त्याच संध्याकाळी त्यांचे थोरले भाऊ गाडी बघायला गिऱ्हाईक घेऊन येणार होते.

"तुझ्या हातात कशी चालती?" अण्णांनी निवासला विचारलं.

"एकदम मख्खन! घाटात नेऊन आणली, अण्णा. एकदा न्हाई, लई वेळा. कुठं अडली न्हाई, कुठं दिवा न्हाई."

"आणि बाईंच्या हातात?"

"तेच तर..." निवास थांबला.

"माझ्या हातातच बिघडते," बाई म्हणाल्या.

"मी तसं म्हणालो न्हाई, बाई."

"म्हणालात. गाडी ठीक आहे, चालवणाऱ्यावरसुद्धा असतं, असं म्हणालात. माझ्या भावासमोर म्हणालात."

निवासला वाईट वाटलेलं दिसलं नाही. खरं तेच बोललो, असा त्याचा चेहरा होता. मला त्याचा राग आला. शिकलेला माणूस इतका कसा ठोंब्या असू शकतो?

अण्णांनी आणखी एक शेंग घेतली.

"कंट्रोलर कुठं असतोय ह्या गाडीत?"

"ड्रायव्हरच्या सीटखाली."

"दाखव."

निवास उठला. अंगणाच्या कडेला उभ्या गाडीच्या सीटचे बोल्ट काढले, सीट उचलून बाहेर ठेवली, चटई उलटली. डबी दिसायला लागली, तिच्यात जाणारा वायरींचा जुडगाही दिसायला लागला. निवासनं प्रत्येक वायर हलवून दाखवली, ओढून दाखवली, मीटर लावून आकडे मोठ्यानं वाचले. पुण्याच्या कोर्सात असंच शिकवत असावेत.

"सगळं ठीक हाय, अण्णा."

"सीट लाव."

निवासनं सीट लावली. बोल्ट आवळले. घाम पुसला.

"आता बघ," अण्णा म्हणाले.

"काय बघू?"

"वायर."

"सीट लावल्यावर वायर कशी दिसंल?"

"मग काढ."

निवासनं मला काहीतरी विचारायचं असल्यासारखं पाहिलं. मलाच काही कळत नव्हतं तर मी काय सांगणार! त्यानं पुन्हा बोल्ट काढले. सीट पुन्हा बाहेर आली.

"आता?"

"आता बी ठीकच हाय."

"लाव."

सीट पुन्हा आत गेली. ह्या वेळी निवासनं बोल्ट जरा जास्तच जोरानं आवळले.

"अण्णा, माझी परीक्षा घेताय का?"

"न्हाई."

"मग हे कशाला?"

"बघत हुतो तू काय करतोस."

"आणि काय बघितलं?"

"सीट काढली की बिघाड नसतोय. लावली की दिसत न्हाई."

"म्हंजे?"

"मला काय ठाऊक."

...

मी तिथून उठायच्या बेतात होतो. म्हातारा माणूस आता भरकटलाय, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. आणि बाईंसाठी जीव तुटला. त्या घड्याळाकडं बघत होत्या. संध्याकाळ काही लांब नव्हती.

अण्णांनी सूप बाजूला ठेवलं.

"बाई, गाडी अडती त्याच्या आधी तुम्ही काय करत असता?"

"घाबरलेली असते."

"ते अडल्यावर. त्याच्या आधी?"

बाईंनी आठवून पाहिलं. "वळण असतं. चढाचं वळण. डाव्या पायाचा आधार नाही, म्हणून मी जरा..."

"अण्णा, बाईंना गाडीतलं कळत न्हाई," निवास मध्येच म्हणाला. "त्यांना विचारून काय उपेग? मी सांगतो ना कोड कुठला हाय ते."

अण्णांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. दाखवलं की खरंच ऐकलं नाही, हेही मला ठरवता येईना.

"जरा काय, बाई?"

"जरा उजवीकडं रेलते. आणि पाठ मागं दाबून धरते. नाहीतर घसरायला होतं."

"हं."

"हे सांगायचं नव्हतं. वेड्यासारखं दिसतं ते."

अण्णा निवासला म्हणाले, "जा, बस गाडीत."

निवास दार उघडून आत बसला. बसता बसता त्याचा हात सीटच्या खाली गेला, खर्र करून सीट मागं सरकली, आणि तो पाय लांब करून आरामात टेकला.

"बसलो."

"काय केलंस?"

"काय न्हाई. बसलो."

"उतर. परत बस. बाईंची सीट हुती तशी लावून दे आधी."

निवासनं सीट पुढं ओढली, उतरला, पुन्हा बसला. पुन्हा खर्र.

"काय केलंस?"

"अण्णा, बसलो की!"

"बसायच्या आधी?"

"दार उघडलं."

"आणि?"

"आणि बसलो!" निवासचा आवाज चढला. "आणखी काय करणार माणूस? किल्ली लावली न्हाई, गिअरला हात लावला न्हाई. काय म्हणायचंय तुम्हाला? सरळ सांगा की!"

अण्णा सूप पुन्हा पुढं ओढून शेंगा मोडायला लागले.

बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही सीट मागं घेतली, निवास."

"ती? ती तर सगळेच घेतात."

"हो. प्रत्येक वेळी घेता. गाडी परत मिळाली की मला ती पुन्हा पुढं ओढावी लागते. माझी उंची नाही ना एवढी."

"अहो, गुडघे लागतात स्टिअरिंगला. गॅरेजातला प्रत्येक माणूस गाडीत बसला की आधी सीटच मागं घेतो. त्यात काय..."

तो बोलता बोलता थांबला.

त्याचा हात अजून सीटच्या खाली होता. तो हात त्यानं काढला आणि तळव्याकडं बघत राहिला. मला काहीच कळलं नव्हतं हे कबूल करतो. त्यालाही पुरतं कळलं नसावं, कारण तो म्हणाला, "पण सीटचा आणि गिअरबॉक्सचा काय संबंध?"

"मला काय ठाऊक," अण्णा तिसऱ्यांदा की चौथ्यांदा म्हणाले.

निवास उतरला. सीट पुढच्या टोकापर्यंत ओढली.

"बाई, जरा बसता का?"

"नाही."

"बाई..."

"मी बसले की बिघडते. तुम्हीच म्हणालात. आता मलाही तसंच वाटायला लागलंय." बाईंनी काठी मांडीवरून उचलून शेजारी टेकवली. "काल घाटात एक बाप्या काच ठोकून म्हणाला, जमत नाही तर चालवता कशाला? मला उत्तर देता आलं नाही. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मी कधी कुणाला उत्तर दिल्याशिवाय राहिले नव्हते."

अण्णांनी सूप पुन्हा खाली ठेवलं.

"चालवू नका," अण्णा म्हणाले. "नुसत्या बसा. घाटात बसता तशा."

बाई काठी टेकत उठल्या, गाडीपर्यंत गेल्या, आत बसल्या. पाय ब्रेकवर. निवासनं बाहेरूनच किल्ली फिरवली, गिअरचा दांडा ‘डी’वर घेतला. इंजिन शांतपणे चालत होतं. दिवा नव्हता.

"बघा," बाई म्हणाल्या. "आता होणारही नाही. मुद्दाम."

"वळण आलं," अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले.

बाईंनी लाजून आमच्याकडं पाहिलं. मग डोळे समोर नेले, उजवीकडं रेलल्या आणि पाठ मागं दाबली.

पिवळा दिवा लागला.

बाईंच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. निवास दाराशी गुडघ्यावर बसला आणि सीटखाली हात घातला. तो हात तिथं कितीतरी वेळ चाचपडत होता. मग त्याच्या तोंडून एक शिवी आली. बाई समोर आहेत हे लक्षात आल्यावर त्यानं ती अर्ध्यावर गिळली.

पुढची गोष्ट सोपी आहे, मलाही कळली म्हणजे सोपीच. कंट्रोलरकडं जाणारा वायरींचा जुडगा जमिनीला एका क्लिपनं बांधलेला असतो. ती क्लिपच नव्हती. जुडगा मोकळा पडला होता. सीट मागं असली की तो मोकळ्या जागेत निवांत असायचा. सीट पुढच्या टोकाला आली आणि वर उजव्या बाजूला भार पडला, की सीटची पट्टी खाली दबून नेमकी त्याच्यावर टेकायची. एक वायर आतून तुटत आली होती. भार आला की तिची टोकं सुटायची, भार गेला की पुन्हा जुळायची. सीट काढली तर काय, सगळंच ठीक.

"सीटकव्हर कधी घातली, बाई?"

"दिवाळीच्या आधी."

"आणि गाडी कधीपासनं अडायला लागली?"

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. "दिवाळीच्या सुट्टीनंतर."

सीटकव्हर शिवून घालणारे सीट काढून नेतात. परत लावताना क्लिप राहिली असणार. हे निवासला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं विचारलं नव्हतं.

त्यानं वायर जोडली, डाख दिला, वर नळी चढवली, जुडगा बाजूला घेऊन बांधून टाकला. काम तो फार सुंदर करतो, हे मी मान्य करतो. सीट लावून पुढच्या टोकाला ओढली, स्वतः वर बसला, गुडघे स्टिअरिंगला लागत असताना सगळा भार उजवीकडं टाकून उड्या मारल्या. दिवा लागला नाही.

"झालं!" तो म्हणाला. त्याचं तोंड उजळलं होतं. "बाई, झालं. घ्या गाडी."

बाई पुन्हा लोखंडी खुर्चीत जाऊन बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"बाई?"

"हो, ऐकलं."

निवासनं स्कॅनर आणून त्यांच्यासमोर धरला. "बघा. एक कोड न्हाई. सगळं हिरवं."

"तुम्ही दाखवायचात तेव्हाही हिरवंच असायचं."

"पण आता कारण सापडलंय!"

"सोलेनॉइड बदललात तेव्हाही कारण सापडलं होतं."

निवास गोंधळला. तो पुरता गोंधळला, हे मला सांगायलाच हवं. इतका वेळ गाडी त्याला कळत नव्हती. आता गाडी कळली होती आणि माणूस कळेना.

"माझी गॅरंटी, बाई," तो म्हणाला. "पुन्हा बिघडणार न्हाई. लिहून देतो."

"मागच्या वेळीही दिली होती. मी घाटात अडकले तेव्हा ती गॅरंटी पर्समध्ये होती."

...

गिऱ्हाईक येण्याची वेळ होत आली. बाईंनी मोबाईल काढून पाहिला आणि परत ठेवला.

"मी गाडीला भीत नाही," त्या कुणाकडंही न बघता म्हणाल्या. "मी बसले की आता माझंच मला वाटत राहतं, की माझ्यामुळंच होईल. दिवा लागला नाही तरी मी दिव्याकडंच बघणार. वळणावर माणसानं रस्त्याकडं बघायचं असतं."

मग त्या अण्णांकडं वळल्या.

"अण्णा, तुम्ही सांगा. पुन्हा होईल का?"

"हुईल," अण्णा म्हणाले.

निवास जागच्या जागी उडाला. "अण्णा!"

"हे न्हाई तर दुसरं कायतरी हुईल. यंत्र हाय ते."

"अहो, मी आत्ताच गॅरंटी दिली आणि तुम्ही..."

"मग?" बाईंनी विचारलं. "झालं तर मग मी काय करायचं?"

"ह्याच्याकडं यायचं. आणि काय झालं ते सांगायचं, सुरुवातीपासनं. तुम्ही कशा बसला हुता, कुठं वळला हुता, समदं." अण्णांनी निवासकडं मान वळवली. "हा ऐकंल."

निवास उभा होता. स्कॅनर हातात.

"ऐकशील न्हवं?"

निवासनं स्कॅनर माझ्या मिक्सरशेजारी ठेवला आणि बाईंच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला.

"काल काय झालं, बाई?" त्यानं विचारलं. "घाटात."

बाईंना ते अपेक्षित नव्हतं. त्यांनी एकदा अण्णांकडं पाहिलं, मग सांगायला सुरुवात केली. आधी तुटक, मग भराभर. धुकं होतं. मागं उसाचा ट्रक होता. वळणावर गाडीचा जोर अचानक गेला, पाय दाबला तर नुसता आवाज. मागचा हॉर्न थांबेना. हातब्रेक ओढला तेव्हा गाडी थोडी मागं गेली आणि ट्रकचे दिवे मागच्या काचेत भरले. लहानपणी पडल्यावर उठवायला कोणी यायच्या आधी धडपडून उठायची मला सवय आहे, त्या म्हणाल्या, पण तिथून उतरून पळताही आलं नसतं. त्या माणसानं काच ठोकली तेव्हा खरं तर त्याला सांगायचं होतं, की दादा, मागं थांबा, मला भीती वाटतेय. ते सांगता आलं नाही.

निवास मध्ये एकदाही बोलला नाही. एकदा त्याचं तोंड उघडलं, ते त्यानं मिटलं.

"हे मला कोणी विचारलंच नव्हतं," बाई शेवटी म्हणाल्या.

"मी विचारायला पायजे हुतं," निवास म्हणाला. "बाई, तुमच्यामुळं न्हवतं ते. मी चुकलो. तुमच्या भावांनाबी सांगतो."

"ते मी सांगेन."

बाईंनी मोबाईल कानाला लावला. "दादा, त्यांना येऊ नका म्हणावं." पलीकडून बरंच काही बोललं जात होतं. "नाही, बिघडणार नाही असं नाही," बाई म्हणाल्या. "बिघडेलही. तू गिऱ्हाईक परत पाठव."

त्या उठल्या, गाडीत बसल्या. काठी शेजारच्या सीटवर ठेवली. आरसा नीट केला. अंगणातून बाहेर पडल्यावर घराकडं जायला उजवीकडं वळतात. बाई डावीकडं वळल्या, आंबोलीच्या रस्त्याला लागल्या. चढावर गाडीचा गिअर बदलल्याचा आवाज आला, मग आणखी एकदा. मग आवाज ऐकू येईनासा झाला.

मी तर मिक्सरचं विसरूनच गेलो होतो.

"अण्णा," निवास म्हणाला, "एक कळलं न्हाई."

"एकच?"

"मी बिघडणार न्हाई म्हणून गॅरंटी दिली, तर त्या उठल्या न्हाईत. तुम्ही बिघडंल म्हणालात आणि त्या घाटाकडं गेल्या. हे कसं?"

अण्णांनी खांदे हलवले.

"बरं, ते ऱ्हाऊ दे. सीटखालचं तुम्हाला कधी कळलं?"

"तू बाहेर काढलंस तवा."

"आधी न्हाई?"

"न्हाई."

"खरं सांगा, अण्णा."

"खरंच सांगतोय, लेका."

निवास डोकं खाजवत उभा राहिला. गेटपर्यंत गेला, परत आला.

"पण तुम्ही तर आल्यापासनं गाडीकडं एकदाबी बघितलं न्हाई!"

...

"गाडीकडं तू बघत हुतास की," अण्णा म्हणाले.